माळकऱ्याचं ताट

(शतकपूर्ती सप्ताहात, दशमीच्या दिवशी संध्याकाळी झालेलं भाषण)

कमिटीनं आम्हांला दिंडीच्या शंभर वर्षांच्या इतिहासावर बोला म्हणून सांगितलं होतं. इतिहासाचं काम आमच्याहून शिकलेली माणसं करतील, या पुस्तकात त्यांचे लेख आहेतच. आम्ही आज ताटावर बोलणार आहोत. कीर्तनकारानं ताटावर काय बोलायचं, असं कोणाच्या मनात येईल. तर ज्ञानोबारायांनी सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सविस्तर सांगितले आहेत. आम्ही आयुष्यभर त्यावर कीर्तनं केली. सात्त्विक म्हणजे कांदा नाही, लसूण नाही, मासळी नाही, एवढंच सांगत राहिलो. पण त्या अध्यायात सात्त्विक आहाराची पहिली खूणच अशी दिली आहे की त्यानं आयुष्य, बळ आणि आरोग्य वाढतं. ती खूण आम्ही वाचली, पाठ केली आणि पुढं गेलो. त्याची किंमत दुसऱ्या एका माणसानं भरली. ते काका इथं पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले आहेत. त्यांना विचारून सांगतो आहे. नाव घेऊ नको म्हणाले, म्हणून नाव घेत नाही.

काका आपल्या दिंडीचे विणेकरी. जुन्या माणसांना आठवत असेल, त्यांच्या हातात वीणा असली की मागच्यांना टाळ कसा धरायचा ते सांगावं लागत नसे. काकांना साखर होती, गोळ्या चालू होत्या. एके वर्षी प्रस्थानाच्या आधी गावात आमचं कीर्तन झालं. त्यात आम्ही बोलून गेलो, की पांडुरंगाच्या वाटेवर निघाल्यावर गोळ्यांची पिशवी कशाला पाहिजे, नामासारखं औषध नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हांला बरं वाटलं. काकांनी पिशवी खरोखरच घरी ठेवली.

लोणंद गेलं, फलटण गेलं. नातेपुत्याच्या मुक्कामी त्यांचा नातू पाय चेपायला बसला तर तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, भोवती काळं पडलेलं, वास सुटलेला. तीन दिवस काका त्या काट्यावर चालले होते. त्यांना कळलंच नव्हतं. आम्ही तेव्हा मागं म्हणालो, बघा, केवढी तल्लीनता. तल्लीनता नव्हती, माउली. पायाची जाणीव गेली होती. पंढरपूर त्यांनी जीपमधून पाहिलं आणि दिवाळीच्या आत गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

त्यानंतरही आम्ही काही शिकलो असं नाही. शिकलो ते आमच्यावर आल्यावर.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, आळीपाळीनं पहारा असतो. आमचा पहारा रात्री दोन ते चार. मंडपात एकच दिवा. आम्ही डोळे मिटले, नाम सुरू केलं आणि थोड्या वेळात सरळ आडवे झालो. वीणा शेजारच्या पोरानं झेलली म्हणून वाचली. सकाळी गावभर झालं की बुवांची समाधी लागली. दोन बाया तर पाया पडायला आल्या. आणि आम्ही, खरं सांगतो, नाही म्हणालो नाही. गप्प बसलो.

पण आम्हांला ठाऊक होतं की वर्षभर पायाला मुंग्या येत होत्या, चप्पल पायातून निसटली तरी कळत नव्हती, जीभ लाल होऊन तिखट लागत होतं, आणि पाठ असलेलं प्रमाण ऐन कीर्तनात आठवत नव्हतं. अंधारात तोल जायचा. उजेडात जात नसे. आमची नात नर्सिंग शिकते, ती म्हणाली, आजोबा, तुम्ही डोळे मिटून उभे राहा बघू. राहिलो, आणि डुललो. ती हसली नाही. दवाखान्यात घेऊन गेली.

आम्हांला वाटलं साखर निघणार. साखर काठावर होती, पण निघालं वेगळंच. बी बारा नावाचं जीवनसत्त्व रक्तात २०० च्या वर पाहिजे, आमचं ९६. डॉक्टरांनी विचारलं, महाराज, माळ कधी घातली? आम्ही म्हणालो, तीस वर्षं झाली. त्याआधी काय खात होता? आम्ही म्हणालो, आगऱ्याचं पोर काय खाणार, बोंबील, कोलंबी, निवट्या, जे खाडीत मिळेल ते. आणि माळ घातल्यावर त्याच्या जागी काय धरलं? या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. काहीच धरलं नव्हतं. मासळी सोडली, ताटातली ती जागा भातानं भरली.

आता हे बारा म्हणजे काय ते आम्हांला जसं समजलं तसं सांगतो. हे जीवनसत्त्व झाड करत नाही, जनावर करत नाही, माणूस करत नाही. फक्त डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करतात. गाय-म्हैस चारा खाते, तिच्या पोटातले जीवाणू ते तयार करतात, मग ते दुधात, मांसात उतरतं. समुद्रातही तसंच, मासळीत येतं. भाजीत, भातात, डाळीत, फळात ते नाही. कितीही पालक खा, नाही. माणसाला लागतं किती? दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातले दोन. मिठाचा एक खडा याहून कितीतरी मोठा. पण तेवढ्यावर दोन कामं अडलेली आहेत. एक रक्त तयार व्हायचं. दुसरं, शिरा म्हणजे ज्या संवेदना वाहून नेतात त्या मज्जातंतूंवर जे आवरण असतं ते शाबूत राहायचं. विजेच्या वायरचं रबर निघालं की काय होतं ते आपण जाणतो.

आणि हे लगेच कळत नाही, इथंच फसगत आहे. यकृतात साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो. माणूस आज मासळी सोडतो, त्याला हलकं वाटतं, बरं वाटतं, तो म्हणतो बघा माळेचा प्रताप. कोठार हळूहळू रिकामं होत असतं. दहा-पंधरा वर्षांनी मुंग्या सुरू झाल्या की तो म्हणतो म्हातारपण आलं. त्यातून वय झालं की पोटातलं आम्ल कमी होतं आणि आहे तेही नीट शोषलं जात नाही. साखरेवर सर्रास जी गोळी देतात, मेटफॉर्मिन, ती पुष्कळ वर्षं घेतली की तिनंही बारा कमी होतं. म्हणजे काकांचं बघा. माळकरी, वयस्कर, साखर असलेले आणि ती गोळी घेणारे. चारी वाटांनी कोठार रिकामं. गोळी वाईट असं म्हणत नाही, ती बंद करू नका. एकदा बंद करायला सांगून झालंय आमचं. बारा तपासून घ्या, एवढंच.

घाटावरच्या माळकऱ्याच्या घरी निदान दावणीला गाय असते, दूध-दही असतं. आपल्याकडं खाजणात भातशेती आणि मिठागरं, दुधाची सवय कधीच नव्हती. आपलं दूध म्हणजे चहात रंगापुरतं. आपल्या आगरी-कोळी गावांत माळेची वाट मोठी आहे, ती वाढावी हीच इच्छा. पण खाडीकाठचा माणूस माळ घालतो तेव्हा तो नुसती मासळी सोडत नाही, आजोबा-पणजोबांपासून ज्या एका गोष्टीतून हे सत्त्व मिळत होतं ती सोडतो. माळ घालताना गुरू पथ्य सांगतात काय खायचं नाही. काय खायचं, हे कोणी सांगत नाही. आम्हीही शेकडो लोकांना माळ घालताना सांगितलं नाही.

हे आपल्यापुरतं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरातल्या जवळजवळ पासष्ट-सत्तर जणांत बारा कमी निघालं. धडधाकट दिसणारी माणसं ती. त्यांनीच १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. बाळं जन्मतात सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीन किलोची. पण आपलं बाळ दिसायला हडकुळं असलं तरी अंगात चरबीचं प्रमाण त्याच्या मानानं जास्त. आणि ज्या आयांत बारा कमी आणि फोलेट, म्हणजे गरोदरपणी देतात त्या फॉलिकच्या गोळीतलं, जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच पुढं साखर होण्याची लक्षणं दिसू लागली होती. आईच्या ताटात जे नव्हतं ते पोराच्या रक्तात दिसलं. आम्ही पुरुष व्यासपीठावर बसून आहारावर बोलतो, आणि घरातली सून सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि आमटीचं पाणी खाते. एवढंच बोलतो, पुढचं आपापल्या घरी बघा.

नात सांगत होती की फोलेटचा शोधसुद्धा आपल्या मुंबईतच सुरू झाला. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर बाई १९२८ च्या सुमारास मुंबईला आली, म्हणजे आपल्या दिंडीच्या सुरुवातीचाच काळ. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बाया पंडुरोगानं पांढऱ्याफटक पडत, दगावत. बाईंनी परळच्या हाफकीन संस्थेत त्यावर काम केलं. आधी जंतू शोधले, मग ताट शोधलं. बिअरच्या आंबवणातल्या खमिराचा काढलेला अर्क, मार्माइट म्हणतात त्याला, स्वस्तातली वस्तू, ती दिल्यावर बाया सुधारल्या. १९३१ ला तिनं ते छापलं. त्या खमिरात होतं ते फोलेट. बारा नव्हे, त्याचा भाऊ म्हणा. दोघं मिळून रक्त करतात. इथं एक धोक्याची गोष्ट आहे. बारा कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारतं, चेहऱ्यावर लाली येते, आणि आतून मज्जातंतू झिजतच राहतात. म्हणून दुकानातून आपल्या मनानं रक्तवाढीची गोळी आणू नका.

आता सगळे जे विचारतात ते. महाराज, ते इंजेक्शन माळकऱ्याला चालतं का? आम्हीही डॉक्टरांना पहिलं तेच विचारलं. पूर्वी हा आजार बरा करायला कच्चं यकृत खायला घालत, हे खरं आहे. आता कारखान्यात मोठ्या पिंपांत जीवाणू वाढवून, दही विरजल्यासारखं, ते तयार करतात. इंजेक्शनात प्राण्याचं काही नाही. मात्र कॅप्सूल असली तर वरचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं. ते ज्याला चालत नाही त्यानं साधी गोळी मागावी. मिळते. आम्ही इंजेक्शन घेतलं. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. जीभ पंधरा दिवसांत बरी झाली. मुंग्या जायला वर्ष लागलं. उजव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे, तो परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. फार उशिरा आलात, म्हणाले.

इंजेक्शनापर्यंत जायची पाळी येऊ नये म्हणून रोज दूध, दही, ताक. मोठे दोन पेले दूध किंवा तेवढं दही पोटात गेलं तर निकड बऱ्यापैकी भागते. ज्याला दूध पचत नाही त्यानं दही घ्यावं. ज्याला दोन्ही परवडत नाही त्यानं गोळी घ्यावी, ती त्याहून स्वस्त पडते.

आता साखरेकडं येतो. देशात दहा कोटींवर लोकांना साखर आहे, हा सरकारी संशोधन परिषदेचा २०२३ चा आकडा. आपल्या गावांत घरटी एक म्हटलं तरी कोणी हसणार नाही.

आम्ही चौथी शिकलेले, आम्हांला हे खाचरावरून समजलं. आपण वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी सोडतो तेव्हा बांधाला तोंड पाडावं लागतं. भात खाल्ला की त्याची साखर होऊन रक्तात येते, ते झालं वरचं पाणी. अंगातले स्नायू, यकृत ही खालची खाचरं. इन्शुलिन म्हणजे फावडं घेऊन तोंड पाडणारा गडी. खालचं खाचर आधीच तुडुंब असेल तर गड्यानं तोंड पाडूनही पाणी उतरत नाही, वरच तुंबतं. मग शरीर एकाच्या जागी चार गडी पाठवतं. काही वर्षं निभतं. मग गडी पुरवणारं स्वादुपिंडच थकतं. पाणी तुंबलं की बांध कुजतात, तसं या साखरेनं बारीक रक्तवाहिन्या कुजतात, डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या, पायाच्या.

खाचर तुडुंब का झालं? आमचे वडील कोंडा राहिलेल्या तांदळाचा ढीगभर भात आणि तीन भाकऱ्या खात. कुणी त्यांना कमी खा म्हणालं नाही. पहाटेपासून चिखलात नांगर, दुपारी बांधाला माती, भात निघाला की त्याच ओलीवर वाल. खाल्लेलं सगळं संध्याकाळपर्यंत वाहून जाई. १९७० ला सिडको झाली, ठाणे, पनवेल, उरणच्या गावांची जमीन नव्या शहराला लागली. १९८४ ला जासईकडं पाच जण हुतात्मे झाले, त्यानंतर साडेबारा टक्के आले. तो इतिहास इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, त्यावर आज बोलत नाही. आम्ही फक्त ताटाचं बोलतो. नांगर गेला, ताट तेवढंच राहिलं. तांदूळ पांढराशुभ्र झाला, वाल गेला, फरसाण आलं, आणि हळदीच्या मांडवात काय काय येतं ते तुम्ही जाणता. चाळीचं भाडं गोळा करायला माणूस मोटारसायकलवर जातो.

वारीत मात्र गंमत होते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. वाटेत लोक प्रेमानं शिरा, बुंदी, पुरणपोळी, गोड चहा देतात, आणि तरी पुष्कळांची साखर वारीत उतरलेली असते. चालता पाय गड्याची वाट बघत नाही, स्वतःच पाणी ओढून घेतो. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्हांला फार आनंद झाला. पण ते अठरा-वीस दिवस. उरलेले साडेअकरा महिने आपण देवळाच्या ओट्यावर बसून वारीच्या आठवणी सांगतो.

उद्या एकादशी, म्हणून तिच्यावर बोललंच पाहिजे. एकादशी, दुप्पट खाशी असं लोक आपल्याला हसतात, त्यात तथ्य आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी ग्रॅम तेच, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. त्यावर बटाटा, त्यावर रताळं, वर साखर घातलेलं दही. साखरवाल्याला हा उपास भाताच्या ताटाहून जड जातो. शास्त्रानं साबुदाणा खायची सक्ती केलेली नाही. तो तर बाहेरून आलेल्या कंदाचा, आपल्या संतांनी पाहिलेलाही नसावा. शेंगदाणे, ताक, दूध, राजगिरा, थोडी वरई, काकडी यावर एकादशी चांगली होते.

दुसरी बाजू निर्जळी करणाऱ्यांची. जो इन्शुलिन घेतो किंवा साखर ढकलून उतरवणारी गोळी घेतो, त्यानं गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस भलतंच बोलतो. त्याला अंगात आलं असं समजून हळदकुंकू लावू नका. दोन-तीन चमचे साखर किंवा गूळ पाण्यात विरघळवून पाजा. एकादशी मोडेल का विचारत बसू नका, साखर एकादशीला चालतेच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. आणि एकादशीला गोळ्या कशा घ्यायच्या ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. लाजू नका. सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे की अती खाणाऱ्यालाही योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. त्यावर आम्ही दोन तास बोलू शकतो, पण आचारी मघापासून घड्याळ दाखवतोय.

कमिटीपुढं आम्ही तीन गोष्टी ठेवल्या, दोन मान्य झाल्या. वारीच्या ट्रकात रोज संध्याकाळी सगळ्यांचे पाय कंदील धरून बघायचे, साखरवाल्यांचे आधी. चपलेशिवाय त्यांनी चालायचं नाही, मग कोणी नवस बोललेला असो. आणि रोज दुपारी ताक. बिनसाखरेच्या चहाची तिसरी गोष्ट मान्य झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मांडू.

काकांनी त्या वर्षानंतर आम्हांला एक शब्द बोलून दाखवला नाही. आम्हीच एकदा त्यांच्या घरी जाऊन विचारलं, काका, माझ्या त्या बोलण्यानं तुमचा पाय गेला, तुम्ही मला कधी काही म्हणाला नाही. ते म्हणाले, "बुवा, गोली मी घरा ठेवली, तू नाय ठेवलीस. पण आता कीर्तनान तसा बोलू नको." आम्ही पुन्हा तसं बोललो नाही. आज ते ट्रकात बसून वीणा धरतात आणि संध्याकाळी पाय बघायचं काम त्यांच्याकडं आहे. काल त्यांनी आमचाही पाय बघितला. अंगठ्याला फोड होता. आम्हांला कळला नव्हता.

पारण्याला भाताबरोबर वालाची उसळ आणि दही आहे. दोन्ही वाढून घ्या, भात निम्मा घ्या. आचाऱ्याला सांगून ठेवलंय.

रामकृष्ण हरी.